पातळ प्लेट धरायची कशी: आमचं व्हॅक्यूम टेबल

पुण्याजवळच्या भोसरीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम प्लेटचं काम येऊ लागलं, तेव्हा पहिला प्रश्न कटिंगचा नव्हताच. प्रश्न होता ती धरायची कशी. २४० बाय १६० मिमीची, ६०८२ ग्रेडची प्लेट. वरून दीड मिमी खोल पॉकेट (म्हणजे खोलगट खण), कडेनं प्रोफाइल (म्हणजे बाहेरचा आकार कापणं), आणि ड्रॉइंगवर सपाटी ०.१ मिमीच्या आत. व्हाइसमध्ये आवळली की मधून फुगते. जबडे सैल ठेवले तर कटर तिला उचलतो. कडांना क्लॅम्प लावले तर क्लॅम्पखालचा भाग राहून जातो. मग क्लॅम्प हलवा, पुन्हा कट घ्या, आणि दोन सेटिंगच्या मध्ये बारीक पायरी पडते. डबल टेपवर काम निघतं, पण टेपची जाडी सगळीकडे सारखी नसते, कूलंटनं (कटिंगवर सोडायच्या थंडाव्याच्या द्रवानं) तिच्या कडा सुटतात, आणि शेवटी प्लेट सोडवताना पट्टी घालून उचकटावी लागते. एवढी मेहनत करून आणलेली सपाटी त्या उचकटण्यात जाते.

आमचे जुने फिटर काका अशा मालाला ‘एक सूत पत्रा’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्या मते पत्रा मिलिंगला धरायचाच नसतो. पण गिऱ्हाइकाला तो तसाच हवा होता, आणि काम नियमित येणार होतं. म्हणून व्हॅक्यूम टेबल, म्हणजे प्लेटखालची हवा काढून तिला धरून ठेवणारं टेबल, करायचं ठरलं. विकतची टेबलं मिळतात आणि चांगली असतात, पण स्वतः केलं तर मशीनच्या टी-स्लॉटला (बोल्ट अडकवायच्या खाचांना) आणि जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, मापाला जुळवता येईल, पुढे बदलताही येईल. गुरुवारी भोसरीत कारखान्यांना सुट्टी असते. कागदावरचं बहुतेक काम त्या शांत गुरुवारांमध्ये झालं.

बेत कळल्यावर शॉपमधून पहिली सूचना आली ती पंपाची. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, पंप जरा मोठाच घ्या, म्हणजे जॉब हलायचा नाही.” बहुतेकांना हेच वाटतं, म्हणून इथला हिशोब सविस्तर देतो. पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघाले.

व्हॅक्यूम ओढत नाही. प्लेटवर वरून हवेचा दाब कायमच असतो. खालूनही तेवढाच असतो म्हणून जाणवत नाही. पंप फक्त खालची हवा काढून घेतो. त्यामुळे पंप कितीही मोठा आणला तरी वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त जोर मिळूच शकत नाही. समुद्रसपाटीला हा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण १.०३ किलो. पुणं जवळपास ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे इथं तो ०.९७ च्या आसपास. पाऱ्याच्या मापात ७६० ऐवजी ७१० मिमी. गेजवर आकडे ७६० पर्यंत छापलेले असतात, पण इथं उत्तम पंपानंही काटा ७१० च्या पुढे जाणार नाही. आम्ही हिशोबाला ६०० मिमी धरले. म्हणजे ०.८ बार, चौरस सेंटीमीटरला ढोबळ ०.८ किलो.

प्लेटच्या कडेपासून १० मिमी आत, बाहेरची हवा अडवायला, सीलची रबरी दोरी फिरवली तर आतलं क्षेत्र २२ बाय १४ सेंटीमीटर, म्हणजे ३०८ चौरस सेंटीमीटर. त्यावर खाली दाबणारा जोर जवळपास २४५ किलो. वाचायला भक्कम वाटतं. पण मिलिंगचा कटर जॉबला मुख्यतः आडवा ढकलतो, आणि आडव्या धक्क्याला उत्तर देतं ते घर्षण. कूलंटनं ओल्या झालेल्या ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम असेल तर घर्षणगुणांक ०.१५ पेक्षा जास्त धरू नये असं माझं मत. २४५ चे १५ टक्के म्हणजे ३७ किलो. आता कटर बघा. १० मिमीचा दोन धारांचा कार्बाइड एंडमिल, खोली दीड मिमी, दर दाताला ०.०८ मिमी फीड (म्हणजे पुढे सरकणं). चिपचा छेद ०.१२ चौरस मिमी. इतकी पातळ चिप कापायला चौरस मिमीला १३०० न्यूटनच्या आसपास लागतात, म्हणजे दाताचा धक्का सुमारे १६ किलो. ३७ विरुद्ध १६, दुपटीहून थोडं जास्त. कटर बोथट झाला किंवा चिप अडकून पुन्हा कापली गेली की धक्का सहज दुप्पट होतो आणि हातात काहीच उरत नाही.

लहान जॉबचं तर विचारूच नका. ६० बाय ४० चा तुकडा घ्या. कडेनं ५ मिमी सोडून आत राहतात १५ चौरस सेंटीमीटर. खाली दाब १२ किलो, आडवी पकड दोन किलोपेक्षाही कमी. तोच कटर, तोच १६ किलोचा धक्का.

हे आकडे मांडल्यावर डिझाइनचा कणा ठरला. आडवं सरकणं थांबवायला पिना लागणार. जोर क्षेत्रफळातून मिळतो, त्यामुळे पंपाला काम उरतं ते फक्त गळती भरून काढण्याचं. म्हणून पैसा आणि डोकं आधी सीलवर आणि पिनांवर, पंप सगळ्यात शेवटी.

टेबलाचा वरचा भाग कसा असावा, यावर बराच विचार झाला. फर्निचरवाल्यांच्या राउटरवर एमडीएफच्या आरपार हवा ओढतात. तिथं शीट मोठी असते, गळती प्रचंड असते आणि ब्लोअरही तसाच दांडगा असतो. कूलंटखाली एमडीएफ टिकणार नाही. भोकांची जाळी असलेलं टेबल सोपं, पण जॉबबाहेरची भोकं दर वेळी बुजवत बसावं लागतं. दोरीच्या आत एक मोठा उथळ खड्डा करणं सगळ्यात सोपं दिसतं, आणि पातळ मालासाठी तेच सगळ्यात घातक. दाबाखाली पट्टी किती खचते हे दोन आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर ठरतं. १०० मिमी अंतर आधाराविना सोडलं तर ३ मिमीची प्लेट, कडा अगदी घट्ट धरल्या तरी, ०.८ बारखाली ०.१२ मिमी खचते. सपाटीची सगळी मुभा तिथंच संपली. पॉकेट मारून तीच प्लेट दीड मिमीची झाली की खचणं आठ पट, म्हणजे एक मिमीच्या घरात. कटर खचलेल्या तळावर फिरतो, व्हॅक्यूम सोडल्यावर तळ वर येतो, आणि मधली जाडी भलतीच निघते.

म्हणून खाचांची जाळी. ४०० बाय ३०० मिमीच्या प्लेटवर दर २० मिमीला ४ मिमी रुंद, ३ मिमी खोल खाच, उभी आणि आडवी. मध्ये १६ बाय १६ चे सपाट चौकोन उरतात. जॉबला आधार नसलेलं अंतर फक्त ४ मिमी, तिथं खचणं मोजण्याइतकंही होत नाही. दोरी हव्या त्या खाचांमधून फिरवायची, आतल्या बाकी खाचा व्हॅक्यूम सगळीकडे पोचवतात. कोणी विचारेल, चौकोनांवर तर जॉब टेकलेला आहे, तिथं दाब कसा मिळणार? दोन मशीन केलेले पृष्ठभाग कधीच हवाबंद बसत नाहीत, त्यांच्यामधली हवाही काही क्षणांत खाचांकडे निघून जाते. त्यामुळे दोरीच्या आतलं सगळं क्षेत्र हिशोबात धरता येतं.

दोरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला. नेहमीची भरीव ओ-रिंग कॉर्ड घेतली तर ४ मिमी गोलाचा छेद १२.५७ चौरस मिमी, आणि खाच ४ गुणिले ३ म्हणजे १२. भरीव रबर दाबलं की आकार बदलतं, आकारमान कमी होत नाही. ते खाचेत मावणारच नाही, आणि जॉब चौकोनांवर टेकण्याऐवजी रबरावर तरंगत राहील. खाच खोल केली तर भरीव रबर दाबायलाच बराच जोर लागतो. म्हणून बंद छिद्रांचं स्पंज रबर. ते थोड्या दाबानं बसतं, एक मिमी वर डोकावत असल्यामुळे किंचित वाकलेल्या प्लेटलाही पोचतं. मटेरियलही बघून घ्यावं लागतं. ईपीडीएम स्वस्त आणि सहज मिळतं, पण खनिज तेलात फुगतं, आणि सोल्युबल ऑइलच्या कूलंटमध्ये तेच असतं. निओप्रीन किंवा नायट्राइल घ्यावं. आम्हाला हवी तशी दोरी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळाली.

प्लेट २५ मिमी जाडीची, ६०८२ चीच, पण टी६५१ टेंपरची. यात कारखान्यातच प्लेट ताणून आतला ताण बराचसा काढलेला असतो. ते महत्त्वाचं, कारण बारा मीटर लांबीच्या खाचा एकाच अंगानं मारायच्या होत्या. आधी खालचं अंग फेस केलं, म्हणजे सपाट कापून घेतलं. मग वरून खाचा रफ केल्या, बोल्ट सोडून प्लेट मोकळी केली, पुन्हा आवळली, आणि तेव्हा कुठे वरचा शेवटचा फेस मारला, त्याच मशीनवर, जागच्या जागी. असं केल्यानं टेबलाचा पृष्ठभाग मशीनच्या चालीला समांतर होतो. हार्ड ॲनोडायझिंग करावं का, यावर दोन मतं होती. पृष्ठभाग कडक होतो हे खरं, पण पुन्हा फेस मारला की थर जातो. मला दर काही महिन्यांनी एक बारीक स्किम घेता येणं जास्त मोलाचं वाटलं, म्हणून प्लेट तशीच ठेवली.

खाचा छेदतात त्या तीनशे जागा. प्रत्येक जागी चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची बारीक कणी. एक बर पाच शतांश मिमी वर राहिली तरी जॉब तेवढा उचलला जातो. सगळ्या कडांना प्रोग्रॅमनं ०.२ चा चेंफर (तिरका काप) घेतला, आणि वरून सपाट ऑइलस्टोन फिरवला. काकांनी मग डोळे मिटून तळहात फिरवला आणि तीन जागा दाखवल्या, जिथं दगड पुन्हा फिरवावा लागला.

हवा ओढायला चार पोर्ट ठेवले, चारही खाचांच्या छेदावर, एम६ चे आटे मारलेले. दोरीच्या आत येईल तो उघडा, बाकीच्यांत ग्रब स्क्रू. आतून जोडणारी भोकं प्लेटच्या कडेनं आडवी मारून बाहेरची तोंडं प्लगनं बंद केली. पिनांसाठी चौकोनांच्या मध्यावर ६ मिमीची रीम केलेली भोकं, सगळी आंधळी. आरपार ठेवली असती तर मोठ्या जॉबच्या वेळी तीच दोरीच्या आत येऊन गळली असती. दोन पिना लांब बाजूला, एक आखूड बाजूला, उंची दीड मिमी, म्हणजे कटर वरून जाईल.

पंपाचा नंबर आता आला. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा व्हेंचुरी इजेक्टर सुटसुटीत असतो, त्यात फिरणारं काही नाही, कूलंट गेलं तरी बिघडत नाही. चाचण्यांना तोच वापरला. पण तो सतत हवा खातो, आणि दाबाची हवा ही शॉपमधली सगळ्यात महाग वीज. रोजच्या कामाला छोटा तेलाचा रोटरी व्हेन पंप घेतला. त्याला पाण्याची ॲलर्जी आहे. कूलंट आत गेलं की तेल दुधासारखं पांढरं होतं आणि पंपाचा दम जातो. म्हणून टेबल आणि पंप यांच्यामध्ये टाकी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ट्रकच्या एअर ब्रेकची ३० लिटरची टाकी मिळाली. टेबलाची नळी वरच्या अंगानं आत, पंपाची नळीही वरूनच बाहेर, तळाला ड्रेन कॉक. कूलंट टाकीत पडतं, पंपाकडे हवा जाते. नळ्या तारेच्या गुंडाळीच्या घ्याव्यात, साधी पीव्हीसी नळी आतल्या आत चपटी होते.

टाकीचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. पंपाच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की पंप बंद पडल्यावरही टाकीतला व्हॅक्यूम काही काळ जॉब धरून ठेवतो. वीज गेली तर मशीनही थांबतं, पण कटर जॉबमध्ये अडकलेला असतो आणि तेव्हा प्लेट हलून चालत नाही. खरा धोका एकटा पंप ट्रिप होण्याचा, कारण स्पिंडल फिरतच असतो. म्हणून टाकीवर व्हॅक्यूम स्विच लावून तो कंट्रोलरच्या फीड होल्डला जोडून घेतला, ०.६ बारच्या खाली गेलं की फीड थांबते. माझ्या मते या स्विचशिवाय व्हॅक्यूम टेबलावर स्पिंडल सुरूच करू नये. सुटलेली प्लेट दहा हजार आरपीएमच्या कटरला लागली की ती कुठे जाईल सांगता येत नाही, आणि शेजारी माणूस उभा असतो.

मग गळती. कोरी प्लेट ठेवून व्हॅक्यूम घेतला, पंपाचा कॉक बंद केला आणि घड्याळ लावून गेज बघत बसलो. ३० लिटरच्या टाकीत काटा मिनिटाला ०.०५ बार उतरला तर गळती दीड लिटर हवेची, आणि ०.८ वरून ०.६ ला यायला चार मिनिटं मिळतात. आमचं लक्ष्य तेवढंच होतं. पण काटा त्याहून बराच जलद उतरत होता. व्हॅक्यूमची गळती साबणाच्या फेसानं नीट सापडत नाही, कारण फुगा बाहेर येण्याऐवजी फेसच आत जातो. काकांनी शॉपच्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली. सगळी मशिनं बंद, पंखेही बंद. उदबत्तीचं टोक त्यांनी दोरीच्या बाहेरून अगदी हळू फिरवलं. धूर सरळ वर जात होता. एका कोपऱ्याशी तो वाकला आणि प्लेटखाली दोऱ्यासारखा बारीक होऊन शिरला. तिथं दोरी काटकोनात वळत होती आणि आतल्या कोपऱ्यात पोकळी राहिली होती. दुसरी जागा कडेच्या एका प्लगची, तिथं धूर आट्यांमध्ये गेला.

प्लग सीलंट लावून पुन्हा बसवला. कोपऱ्यासाठी उपाय असा ठरला की वळणावर दोरी ताणायची नाही, उलट किंचित ढकलून भरायची. सांधाही कोपऱ्यावर किंवा खाचांच्या छेदावर घ्यायचा नाही; सरळ भागात, दोन्ही टोकं नव्या ब्लेडनं तिरकी कापून, इन्स्टंट ग्लूच्या एका थेंबानं. त्यानंतर काटा मिनिटाला ०.०५ च्याही आत आला.

पहिला खरा जॉब लावला तेव्हा मी स्पिंडलला डायल (शतांश मिमी दाखवणारं काट्याचं माप) लावून त्याचं टोक ब्लँकच्या, म्हणजे अजून न कापलेल्या प्लेटच्या, मध्यावर टेकवलं आणि व्हॅक्यूम सुरू केला. काटा अठरा घरं खाली गेला. बंद केला, अठरा घरं वर. म्हणजे ब्लँक ०.१८ नं वाकलेला होता आणि टेबल त्याला दाबून सपाट करत होतं. इथं फार सावध राहावं लागतं. दाबून सपाट झालेली प्लेट मशीन केली की वरचा पृष्ठभाग आरशासारखा निघतो, मापंही सगळी बरोबर येतात, आणि व्हॅक्यूम सोडला की प्लेट पापडासारखी आपल्या मूळ वळणावर जाते. टेबल धरून ठेवतं. मालातला बाक आणि ताण काढणं हे त्याच्या हातात नाही.

यासाठी ३ मिमीच्या प्लेटला ४ मिमीचा ब्लँक घेतो आणि दोन्ही अंगांनी आलटून पालटून हलके फेस मारतो, दर पलटीला डायलनं तीच परीक्षा. सुरुवातीला मोठा बाक असेल तर पहिल्या फेसच्या वेळी मधल्या फटीत शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) सरकवतो, म्हणजे प्लेट जशी आहे तशी धरली जाते आणि फक्त उंचवटा कापला जातो. काटा तीन-चार घरांच्या आत हलू लागला की पुढे जायचं. पॉकेट अगदी शेवटी. आधी पॉकेट मारून मग पाठ फेस करायला गेलं तर पॉकेटची पोकळी खाली येते, दीड मिमीचा तळ अधांतरी राहतो आणि व्हॅक्यूम त्याला आत ओढल्यासारखा खचवतो. पाठ आधी पुरी केली की तळाला चौकोनांचा आधार मिळतो.

कटिंगमध्येही थोडा बदल केला. ॲल्युमिनियमसाठी ४५ अंश हेलिक्सचे (धारांच्या पिळाचे) कटर आवडीनं वापरतात, पण ते जॉबला वर खेचतात. इथं ३० अंशांचे बरे. खोली कमी, फीड आणि वेग जास्त. रफिंगच्या पासची दिशा अशी ठेवतो की धक्का पिनांकडे जाईल. प्लेट ठेवण्याआधी टेबल पुसायचं, तळहात फिरवायचा, प्लेटची पाठही पुसायची. व्हॅक्यूम घेतल्यावर काका स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं प्लेटवर चार ठिकाणी टकटक करतात. खाली चिप अडकली असेल तर आवाज पोकळ येतो. आता ऑपरेटरही ते करतो.

६० बाय ४० चे लहान तुकडे आता सुटे धरतच नाही. मोठ्या प्लेटमध्ये नऊ तुकडे एकदम मांडतो, पिना मोठ्या प्लेटला लागतात, व्हॅक्यूमला तिचं सगळं क्षेत्र मिळतं. प्रोफाइल तळापर्यंत जात नाही, ०.१५ मिमीची कातडी ठेवतो, त्यामुळे शेवटच्या पासपर्यंत सील फुटत नाही. मग सगळी चौकट उचलून बाकावर घ्यायची, तुकडे अंगठ्यानं दाबून सोडवायचे आणि कडेला राहिलेली कातडी कानशीच्या दोन हातांत काढायची.